सारं पावसाच्या नावावर

भाऊ, पडणाऱ्या इमारतींवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "मुंबई-अमेरिकेच्या बिल्डिंगी आमाले काहून सांगता? काळ्या मातीत भेगा जातच असतात. आमच्या ओसरीच्या भिंतीले वीस वर्साची भेग आहे. भेग दिसली म्हून घर सोडून वावरात झोपाचं काय?" राग रास्त आहे. "लोक धोका दिसूनही ऐकत नाहीत" हे वाक्य मी पंख्याखाली बसून लिहिलं होतं. ते मागे घेतो.

काळ्या मातीचं तुमचं खरं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की भिंतही तिच्यासोबत हलते. वैशाखात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग उघडते, श्रावणात बुजते. तिला भिऊन घर सोडायचं काम नाही. पण सवय लागते ती इथेच. बुजणाऱ्या भेगेशेजारी एखादी न बुजणारी आली, की तिलाही आपण काळ्या मातीच्याच खात्यात टाकतो. आमच्या गोठ्याची भिंत फुगली होती, बुडाशी नालीचं पाणी मुरत होतं. आबांनी बल्लीचा टेकू लावला. त्या टेकूवर दोन पावसाळे काढले, तिसऱ्या साली भिंत रात्रीतून बसली. बैल वावरात बांधले होते म्हणून वाचले. धोका दिसला नव्हता कसं म्हणू? शाळेतून आलो की मी त्याच बल्लीला दप्तर अडकवायचो.

अमेरिका आणली ती यासाठीच. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची बारा मजली इमारत २४ जून २०२१ ला पडली, ९८ माणसं गेली. अभियंत्याने २०१८ मध्येच लेखी दिलं होतं, की पाण्याचा निचरा होत नाही, स्लॅब खराब होतोय. मग खर्च कोणी किती द्यायचा यावर सभा होत राहिल्या. म्हणजे हातात अहवाल असूनही टेकूवरच चाललं होतं.

जबाबदारी सरकारची, असंही तुम्ही लिहिलंय. ते मला अर्धंच पटतं. महापालिकेच्या हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी कायद्याने करावी लागते. आपल्याकडे ग्रामपंचायत बांधायची परवानगी देते, पण उभ्या घराकडे पुढे कोण बघतं? पडल्यावर मात्र तलाठी येतात. पंचनाम्यात येतं, "अतिवृष्टीमुळे भिंत कोसळली." माणूस गेला तर आपत्तीची मदत ४ लाख, आणि ती हवी तर कारण नैसर्गिकच लागतं. दुःखातलं घर त्या शब्दावर भांडणार कसं? पण त्याच शब्दाआड उथळ पायावर मजला चढवणारा ठेकेदार सुटतो, भाडं घेऊन फक्त चुना मारणारा घरमालक सुटतो, भिंतीला लागून नाली काढणाराही सुटतो. दुरुस्ती ज्याच्या हातात होती, त्याला आधी विचारा. भाडेकरूला सगळ्यात शेवटी.

आता तुमची ओसरी. वावरात झोपायची गरज नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, अंतर मोजा, तारीख लिहा. भिंत फुगलेली असेल किंवा बुडाशी ओल असेल, तर पोळ्याची वाट न पाहता जाणत्या मिस्त्रीला दाखवा, आणि खाट आजच दुसरीकडे न्या. तसं काही नसेल तर पोळ्याला पुन्हा मोजा. वीस वर्षांची भेग पावसाळ्यात बुजते का, तेवढं मात्र इथे कळवा.