पाच तारे मी दिले नाहीत

कमिटीतले दोघंतिघं माझ्यावर रुसलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आमच्या वाचनालयात (बडोद्यातलंच, छोटं मराठी, नाव राहू दे) तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर बसला. पुस्तकांना बारकोड लागले, काउंटरवर स्कॅनर आला आणि मागच्या आठवड्यात कंपनीनं अभिप्रायाचा फॉर्म पाठवला. एक ते पाच तारे. बाकी सगळ्यांनी एकमतानं पाच ठरवले, मी दोन म्हणालो.

कॉम्प्युटरशी माझं वैर नाही हो. एकतीस वर्षं बँकेत काढली, हातानं व्याज काढण्यापासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं पाहिलं. शाखेत पहिल्यांदा पोस्टिंग मशीन आलं तेव्हा युनियनवाले आणि साहेब एरवी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण एका गोष्टीवर दोघंही ठाम होते: पॅरलल रन. मशीनवर एन्ट्री करायची आणि शेजारी लेजरही लिहायचं. संध्याकाळी दोन्ही बॅलन्स जुळले नाहीत तर कुणी घरी जायचं नाही. चार आण्यांच्या फरकापायी रात्री साडेनऊपर्यंत बसलोय. कटकट होती, पण मशीन कुठे चुकतं आणि आम्ही कुठे, हे त्यातच कळलं. (आमच्याच चुका जास्त निघाल्या, तेही सांगून टाकतो.)

वाचनालयात शुक्रवारी डेमो, सोमवारी नारळ फोडला, मंगळवारी पुस्तकं शोधायच्या जुन्या कार्डांचे ड्रॉवर व्हरांड्यात, पस्तीवाल्याची (म्हणजे रद्दीवाल्याची) वाट बघत.

देवघेव झकास झाली, हे मान्य. शनिवारी जिन्यापर्यंत जाणारी रांग गेली. कुणी कोणतं पुस्तक किती दिवस दाबून ठेवलंय तेही लगेच दिसतं (त्यात माझंही नाव निघालं). दोन तारे त्याचेच.

गाडी अडते ती पुस्तक शोधताना. एका काकूंना कऱ्हाडवरचं पुस्तक हवं होतं. ‘कऱ्हाड’ टाइप केलं, उत्तर शून्य. पुस्तक समोरच्या कपाटात! भानगड अशी, की हा अर्धा ‘र’ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. नोंदी करणारा मुलगा गुजराती, गुणी. त्याच्या लिपीत हा ‘र’ नाहीच. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं, ‘काका, आ शुं छे?’ मग जिथे जसं जमलं तसं त्यानं टाइप केलं. त्याला काय बोलणार?

दुसरी गंमत शुद्धलेखनाची. आमची बरीच पुस्तकं साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांआधीची. त्यांच्यावर ‘कवि’, ‘नीति’ ऱ्हस्व, ‘तें’वर अनुस्वार. मुलानं छापलंय तसंच उतरवलं, आणि तेच बरोबर. पण आजचा वाचक ‘कवी’ दीर्घ लिहिणार, आणि जुनी पुस्तकं त्याच्यापुरती अस्तित्वातच नाहीत! जुन्या ड्रॉवरमध्ये यासाठी एक साधं कार्ड असायचं: ‘कवी – कवि पहा’. शोधण्याआधी दोन्ही रूपं एक धरायची, एवढं सॉफ्टवेअरला शिकवणं हे काही चंद्रावर जाणं नव्हे. कंपनीचा माणूस मला म्हणतो, ‘अंकल, स्पेलिंग बराबर नाखो ने!’ (म्हणजे, नीट टाका ना!)

डेमोत हे का दिसलं नाही? कारण डेमोत शब्द कंपनीचा माणूसच टाइप करत होता.

आणि फॉर्म कुणाला आला? कमिटीला. काउंटरवर सहा तास बसणाऱ्या आमच्या ग्रंथपालबाईंना कुणी विचारलंच नाही. त्यांचं शिक्षण काय, तर अर्ध्या तासाचा डेमो. याच गावात १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना आणलं, आणि पुढच्याच वर्षी साहेबांनी ग्रंथपाल तयार करायचा वर्ग काढला. आम्ही माणसाआधी स्कॅनर आणला.

मी आता एक वही केलीय. वाचकानं काय मागितलं, काय टाइप केलं, सापडलं का, नसेल तर शेवटी कुठे मिळालं. चौथ्या रकान्यात पानोपानी एकच शब्द आहे: ‘बाई’. कॉम्प्युटर शून्य म्हणतो, बाई उठून थेट कपाटाशी जातात. कमिटी म्हणते, मग अडतंय कुठे? अडत नाही, कारण बाई आहेत. पुढच्या दिवाळीला त्या निवृत्त होतायत.

ड्रॉवर मी पस्तीवाल्याकडून सोडवून आणले, सध्या आमच्या माळ्यावर आहेत. सौ. रोज विचारते, हे अजून किती दिवस? कंपनीवाल्याला वहीची झेरॉक्स दिलीय. त्यातली सगळी नावं माझ्यासमोर शोधून दाखव, त्याच दिवशी उरलेले तीन तारे देतो आणि माळाही रिकामा करतो.