एका आण्याचा बांध

आमच्या आणि तात्यांच्या शेतामधला बांध गेली सत्तावीस वर्षं चालतो आहे. बांधाला पाय असतात हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. दर नांगरटीला तो वीतभर सरकतो आणि नेमका आमच्याच अंगावर सरकतो, असं दादांचं म्हणणं. तात्यांचंही तेच म्हणणं, फक्त दिशा उलटी. दादा म्हणजे माझे वडील, तात्या म्हणजे सख्खे चुलते. लग्नकार्यात दोघे भाऊ मांडीला मांडी लावून जेवतात; ट्रॅक्टर शेतात शिरला की एकमेकांना 'अहो' म्हणायला लागतात.

यंदा दादांनी मोजणी आणायची ठरवली. आमच्याकडे मोजणी करत नाहीत, आणतात. जप्ती आणावी तशी. अर्ज, फी, लगतच्या खातेदारांना नोटिसा. लगतचे खातेदार म्हणजे तात्याच. नोटीस हातात पडली त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर चहाला आले, तीच नोटीस बशीखाली ठेवून चहा प्यायले आणि काही न बोलता गेले.

"तू शिकलेला. तू नकाशा बघ," म्हणून दादांनी गावनकाशाची नक्कल माझ्यापुढे टाकली. मी पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. त्यामुळे जगातलं कुठलंही कागदपत्र मला कळतं, अशी घरच्यांची श्रद्धा. नकाशाचं प्रमाण होतं एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट. मी पट्टी लावली, गुणाकार केला आणि गार पडलो. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर उतरवली तर ती जवळजवळ १३ फूट रुंद होते. आमचं भांडण दोन फुटांचं. सत्तावीस वर्षांचं वैर त्या रेघेच्या पोटात मावून वर उसाची ट्रॉली जाईल एवढी जागा शिल्लक होती.

हे मी दादांना मोठ्या उत्साहानं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रेघ कुणाच्या हिश्शात धरायची?"

मोजणीच्या दिवशी सकाळी नऊला अख्खी भावकी बांधावर हजर. मी मोबाईलवरचा नकाशा उघडून पुढं झालो. त्यातला निळा ठिपका म्हणजे मी. मी निंबाखाली उभा होतो. ठिपका आधी आमच्या विहिरीत होता, मग निघून तात्यांच्या उसात गेला आणि तिथंच घुटमळू लागला. "बघा," तात्या पंचांना म्हणाले, "पोरगं उभ्या उभ्या अतिक्रमण करतंय." मी मोबाईल खिशात घातला.

सर्व्हेअर साहेब तरुण होते. एका हातात काठीवर बसवलेला टोपीएवढा रोव्हर, दुसऱ्या हातात आमच्या घरचा चहा. काठी रोवायची, उपग्रहांशी बोलणं होईपर्यंत थांबायचं, पुढचा बिंदू. तात्यांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. "साखळी कुठाय?" त्यांनी विचारलं. साखळीशिवाय मोजणी म्हणजे अक्षतांशिवाय लग्न.

त्यांचंही चुकलं नव्हतं. आपला गुंठा साखळीच्याच पोटचा. ३३ फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. त्यांच्या आधी प्रिंगल नावाचे साहेब पुणे भागात मोजून गेले होते, पण त्यांचं शेतसाऱ्याचं गणित शेतकऱ्याला झेपलं नाही, माणसं जमिनी सोडून गेली. आमच्या कुळातला कोणी मात्र जमीन सोडून गेला नाही. जाता तर निदान बांधाचा प्रश्न तरी मिटता.

साखळी नाही म्हटल्यावर तात्यांनी घरून नायलॉनची दोरी आणवली. दोरी ओढली की लांब, सोडली की आखूड. दादांच्या बाजूनं ओढली की तात्या ओरडायचे, तात्यांच्या बाजूनं ओढली की दादा. मला लॅम्ब्टन साहेबांची आठवण झाली. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची पहिली पायारेषा आखली, साधारण १२ किलोमीटरची. उन्हानं पोलादी साखळी लांबते म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, शेजारी थर्मामीटर! त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा. एवढं सगळं घेऊन साहेब दक्षिणेतून मोजत मोजत वर आले आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. हे मी दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मोजणी पुरी झाली का मग?"

त्यांच्या मागून आलेल्यांनी ती पार हिमालयापर्यंत नेली. त्या मोजणीतले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून सगळ्यांत उंच शिखर निघालं आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. असं सांगतात, की गणित बरोबर २९,००० आलं होतं. एवढा गुळगुळीत आकडा बघून लोक अंदाजपंचे म्हणतील, म्हणून वर दोन फूट ठेवून दिले. एव्हरेस्टला दोन फूट असे फुकट मिळतात आणि आमच्याकडे त्याच दोन फुटांपायी माणसं नोटिशीवर बशी ठेवतात.

दुपारी सर्व्हेअर साहेबांनी जुन्या मोजणीच्या टिपणाशी आकडे जुळवले आणि जाहीर केलं, की वरच्या अंगाला तात्या आमच्यात एक आणा आलेत, खालच्या अंगाला आम्ही त्यांच्यात एक आणा गेलोय. आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. बांध सरकला नव्हता, नुसता तिरका झाला होता. मधल्या निंबापाशी हद्द बरोबर होती, पण मोजणी आली तिथं निंबाच्या बुंध्यातून आरपार. आजोबांनी लावला तेव्हा मनगटाएवढा होता म्हणे. आता कवेत मावत नाही.

कोणीच जिंकलं नाही म्हटल्यावर दोघे भाऊ एकदम साहेबांवर उलटले. "यंत्राला ढग आडवा आला असंल," दादा म्हणाले. "मी तेच म्हणतोय," तात्या म्हणाले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "खालच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड होता. टिपणात दिसतोय. तो कुठं गेला?"

दादांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी दादांकडे. "ह्यांनीच उपटला," दोघांच्या तोंडून एकाच वेळी निघालं.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेली आत्या म्हणाली, "तो होय? चपटा, काळा? तो तुमच्या न्हाणीपुढं हाय की. वैनी त्याच्यावर धुणं धुती."

चार माणसं पहार घेऊन आमच्या परड्यात गेली. आई ओलं लुगडं तसंच हातात धरून उभी राहिली. दगड निघाला, खालची गांडुळं उघडी पडली आणि पंच तो ढकलत ढकलत शेताकडे न्यायला लागले. साहेबांनी तिच्यापुढं पंचनाम्याचा कागद धरला.

आईनं सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाली, "साहेब, उरलेलं धुणं आता कशावर धुवू?"