काल्मान कांडो यांचं श्रेय: थोडं जास्त दिलेलं, बरंचसं काढून घेतलेलं

विजेच्या रेल्वेबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हंगेरीचे इंजिनिअर काल्मान कांडो यांनी १९०२ मध्ये इटलीत जगातली पहिली विजेची रेल्वे चालवली, पण त्यांची थ्री-फेज पद्धत (म्हणजे एकामागोमाग चढउतार होणारे विजेचे तीन प्रवाह, तीन वेगळ्या वाटांनी) फसली, आणि आज भारतभर दिसणारी २५ हजार व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची, पद्धत निव्वळ फ्रेंचांची, कांडोंचा तिच्याशी संबंध नाही. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत.

पहिलं तर लगेच निकालात निघतं. बर्लिनच्या प्रदर्शनात सीमेन्सने १८७९ मध्येच विजेची छोटी गाडी चालवली होती. बाल्टिमोरच्या बोगद्यात १८९५ पासून विजेची इंजिनं होती. थ्री-फेजसुद्धा स्वित्झर्लंडमध्ये १८९९ पर्यंत आली होती. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या कांडोंनी इटलीच्या आल्प्समधल्या व्हाल्तेलिना मार्गावर केलं ते वेगळंच होतं: शंभराहून जास्त किलोमीटरवर त्यांनी ३,००० व्होल्ट थेट वरच्या तारांतून इंजिनाला दिले. त्या काळी डीसीवाले, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज वापरणारे, बहुतेक ५००-६०० व्होल्टवर होते, आणि तेवढ्या कमी व्होल्टवर लांबवर वीज न्यायची तर तांब्याचा खर्च परवडण्यासारखा नव्हता.

‘फसली’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या मागे जोवीचा घाट आहे. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ला १, जोवीचा साधारण २९ला १. तिथे कांडोंची ई-५५० इंजिनं राबली. अशी १८६ इंजिनं बांधली गेली. मोटरला कम्युटेटर (फिरत्या भागाला वीज पोचवणारा, घासत फिरणारा भाग) नाही, म्हणजे त्याच्या ठिणग्यांची कटकटही नाही. उतारावर तीच मोटर वीज तयार करून तारेत परत पाठवायची. गाडी सुरू करताना गंमत असे. सोड्याच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी पत्रे; हवेच्या दाबाने पाणी वर चढवायचं, पत्रे बुडतील तसतसा विजेचा रोध कमी. पाणी तापायचं आणि विजेच्या इंजिनातून चक्क वाफ निघायची.

दोष होते, ते लपवण्यात अर्थ नाही. वर दोन तारा आणि तिसरा फेज रुळांतून, त्यामुळे गाडी रूळ बदलते त्या प्रत्येक ठिकाणी तारांचं जंजाळ. वेगही ठरलेले: ई-५५०ला ताशी २५ किंवा ५० किलोमीटर, अधलंमधलं काही नाही. पण ही पद्धत इटलीत १९७६ पर्यंत चालली. सत्तरेक वर्षं चाललेल्या गोष्टीला फसलेली कसं म्हणायचं?

आता फ्रेंचांचं. दोन तारांची अडचण कांडोंना इतर कुणाहीपेक्षा चांगली ठाऊक होती, म्हणून त्यांनी स्वतःच पुढची वाट शोधली. रेल्वेसाठी वेगळं वीजघर कशाला? शहराला मिळते तीच ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, वीज एकाच तारेतून घ्यायची आणि इंजिनातल्या फिरत्या यंत्राने तिचे अनेक फेज करायचे. १९२३ मध्ये बुडापेस्टजवळ चाचणी झाली. १९३२ मध्ये बुडापेस्ट-कोमारोम मार्गावर १६ हजार व्होल्टची नियमित सेवा सुरू झाली. ती पाहायला कांडो नव्हते, जानेवारी १९३१ मध्येच ते गेले. जर्मनीने १९३६ मध्ये होलेन्टालच्या घाटात ५० सायकलवर प्रयोग केले. युद्धानंतर तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला, तिथला अनुभव त्यांनी अभ्यासला आणि मग आपल्या सॅव्हॉय प्रांतात काम सुरू केलं. २५ हजार व्होल्टची पद्धत व्यवहारात पक्की केली ती फ्रेंचांनीच, आणि भारताने १९५७ मध्ये त्यांच्याच सल्ल्याने ती निवडली. पण ५० सायकलवर मुख्य मार्गाची रेल्वे चालते, हे त्याआधीच हंगेरीत सिद्ध झालं होतं.

आणि संबंध नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या जुन्या डब्ल्यूएजी-५ किंवा डब्ल्यूएपी-४ या विजेच्या इंजिनांवर काम केलेल्या लोको पायलटला ‘आर्नो’ म्हणजे काय ते विचारावं. रचना कांडोंच्या यंत्राहून वेगळी, पण काम तेच: सिंगल-फेज घेऊन फिरत फिरत थ्री-फेज तयार करायचा, पंखे आणि कॉम्प्रेसर चालवायला. डब्ल्यूएजी-९मध्ये तर चाकं फिरवणाऱ्या मोटरीच थ्री-फेज आहेत. वर एकच तार, आणि फेज इंजिनातच तयार होतात. फक्त फिरत्या यंत्राच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आलंय.