खुलासा : ‘एफडीए-मान्य’ क्रायोथेरपी सेंटरबद्दल

‘अमेरिकेच्या एफडीएची मान्यता असलेलंच क्रायोथेरपी सेंटर निवडा’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. क्रायोथेरपी म्हणजे यंत्रात अतिथंड हवेत काही मिनिटं उभं राहणं; एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था. संपूर्ण शरीर गारठवणाऱ्या एकाही यंत्राला उपचारासाठी मंजुरी दिलेली नाही, असं एफडीएनं 2016 मध्ये स्पष्ट केलं होतं. तेव्हा अशी पाटी मिरवणाऱ्या सेंटरपासून उलट सावध राहा.

यंत्र विजेवर चालतं की द्रव नायट्रोजनवर, हे आधी विचारा. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, थेट शुद्ध हरपते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एका सेंटरची कर्मचारी एकटीच यंत्रात गेली आणि मरण पावली. म्हणून ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली जाताच वाजणारा अलार्म आणि हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल, तर दारातूनच परत फिरा.

सत्र दोन-तीन मिनिटांचंच हवं, कर्मचारी पूर्ण वेळ समोर हवा. मोजे, हातमोजे कोरडे हवेत. ओलसर असले तर हिमदंश होतो. रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, थंडीनं बोटं पांढरी पडण्याचा त्रास यांची चौकशी न करता आत सोडणारं सेंटर नकोच.