फीत कापली, आता यंत्र चालवणार कोण?

सकाळी आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक फोटो आला. एका विद्यापीठात नवं 'सेंटर ऑफ एक्सलन्स' सुरू झालंय. झेंडूच्या माळा, फीत, कोनशिला, आणि मधोमध कोट्यवधींचं यंत्र, अजून अर्धं प्लॅस्टिकमध्येच. भोवती मान्यवरांची दाटी. खाली अभिनंदनाच्या मेसेजची रांग. मी एवढंच विचारलं, हे चालवायला माणूस कोण नेमलाय? कायमचा की अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवरचा? त्यावर एका मित्राचं उत्तर: "आजच्या दिवशी तरी निगेटिव्ह बोलू नकोस."

तेव्हापासून डोकं तापलंय. यात निगेटिव्ह काय आहे? यंत्र आलं याचा मला आनंदच आहे. म्हणून तर विचारलं!

तुमच्यापैकी जे कुठल्याही विद्यापीठाच्या लॅबमध्ये वर्षभर जरी राबलेत, त्यांना मी काय म्हणतेय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी आमच्या काकांची गोष्ट सांगते.

मी पीएच.डी. केली त्या रसायनशास्त्र विभागात तळमजल्यावर जिन्यामागे ग्लास ब्लोइंगची, म्हणजे काच तापवून, फुंकून उपकरणं घडवायची खोली होती. तिथे एक काका बसायचे. माझी संयुगं हवा लागली की खराब व्हायची, त्यामुळे सगळं काम काचेच्या व्हॅक्यूम लाइनवर, म्हणजे हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळ्यांमध्ये. एका संध्याकाळी त्या लाइनचा एक कॉक, म्हणजे काचेची तोटी, मुळापासून तुटला. आत महिन्याभराचं काम अडकलेलं. ते कसंबसं वाचवलं, लाइन उतरवली, धुतली आणि टॉवेलात गुंडाळून काकांकडे नेली. मला वाटलं, ते आधी तडा बघतील. त्यांनी विचारलं, "आत काय होतं?"

मी म्हटलं, "काका, धुतलीय."

"धुतलीय ते दिसतंय पोरी. आत काय होतं ते विचारतोय."

नळीच्या कोपऱ्यात सॉल्व्हंटचा अंश जरी राहिला आणि ती ज्योतीत धरली, तर भडका उडतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी सगळी यादी सांगितली. त्यांनी लाइन परत धुवायला लावली, रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशीच हातात घेतली.

ते काम करताना बघणं म्हणजे काय होतं! डोळ्यांवर तो जांभळट चष्मा, कारण काच तापली की सोडियमचा पिवळा झगझगाट होतो आणि त्यात काही दिसत नाही. तोंडात रबराची बारीक नळी. दोन्ही हातांत काचेची दोन टोकं, आणि दोन्ही हात एकाच गतीने फिरतायत. एक हात किंचित मागे पडला तर सांधा पिळवटतो. काच मऊ पडली की हलकीशी फुंकर, पुन्हा फिरवणं, पुन्हा फुंकर. शेवटी ऑक्सिजन कमी करून मवाळ ज्योतीत सांधा हळूहळू थंड करायचा. काचेत ताण राहिला तर ती आज टिकेल आणि चार दिवसांनी भर रात्री आपोआप तडकेल.

आणि नुसती दुरुस्ती नाही. माझ्या फ्लास्कची बाजूची नळी त्यांनी थोडी खाली घेतली. म्हणाले, असं केलंस तर गाळताना हवा लागणार नाही. माझ्या गाइडना ते सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव आलं. पेपरवर लेखक म्हणून असं नाव येत नाही, तशी पद्धतच नाही.

हे काही आजचं नाही. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १८९७ साली जे. जे. थॉमसननी इलेक्ट्रॉन शोधला, हे आपण मुलांना शिकवतो. थॉमसन यांचा हात यंत्रावर बसत नसे. ज्या नळ्यांमधून तो इलेक्ट्रॉन सापडला, त्या एबेनेझर एव्हरेट नावाच्या त्यांच्या सहायकाने फुंकलेल्या होत्या. मँचेस्टर विद्यापीठात रदरफर्ड आणि रॉइड्स या शास्त्रज्ञांना दाखवायचं होतं की किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच. त्यासाठी काचेची अशी नळी हवी होती की भिंतीतून अल्फा कण पार जावेत, पण हवेच्या दाबाने ती फुटू नये. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ भिंत! ती फुंकली ओटो बाउमबाख यांनी. रदरफर्डनी पेपरमध्ये त्यांचं नाव घेऊन हे लिहिलंय. आणि आपल्याकडे? दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार. कलकत्त्याच्या त्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत राबलेले आशुतोष डे कुणाला आठवतात?

लांब कशाला जायचं, पुणे विद्यापीठाचा परिसर बघा. एका आवाराच्या आत किती काय आहे! नारळीकरांनी १९८८ साली उभं केलेलं खगोलशास्त्राचं आयुका, रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए, पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवते ती हीच एनसीआरए. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ती उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवायची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. आता सांगा, त्या अँटेनांच्या मोटारी, रिसीव्हर, केबल यांच्यामागे दिवसरात्र असणारे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ काढून टाकले, तर पल्सार तारे काय आपोआप दिसणार आहेत?

आयुकाचं मला विशेष वाटतं ते याच्यासाठी, की नारळीकरांनी ते विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी उघडं ठेवलं. आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर सुट्टीत तिथे जाऊन राहतात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यातला उत्साह आम्हाला आठवडाभर पुरतो. केंद्र असावं तर असं. माणसांना धरून उभं केलेलं.

आणि आमच्या काकांच्या खोलीचं काय झालं? काका निवृत्त झाले. जागा भरली नाही. विभागाने मागणी केली की उत्तर यायचं, आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, मंजूर नाही. मग ते पद मृत संवर्गात टाकलं, म्हणजे ते पुन्हा भरायचंच नाही. काकांची काच फिरवायची लेथ ताडपत्रीखाली गेली आणि खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. मी मध्यंतरी गेले होते तेव्हा एक पोरगी रडवेली होऊन उभी होती. तोच प्रकार, कॉक तुटलेला. तिला सांगितलं होतं की नवी लाइन मागव. तीन कोटेशन, खरेदी समिती, मंजुरी, मग ऑर्डर. तिची फेलोशिप तोवर थांबणार आहे का? तिला "आत काय होतं?" असं विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. उद्या तिने स्वतःच बर्नरवर काहीतरी जोडायला घेतलं असतं तर?

हो, आता पुष्कळ काचसामान तयार मिळतं. हो, काही कामं बाहेरून करून घेता येतात. मान्य.

पण रेणूंची रचना उलगडणाऱ्या एनएमआर यंत्राचं काय करणार? त्याचं चुंबक द्रवरूप हेलियममध्ये बुडलेलं असतं, उणे २६९ अंशांना. बाहेरच्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६. दोन्ही सतत उडत असतात. पातळी बघायला, वेळेवर भरायला माणूस लागतो, दिवाळीतही लागतो. दुर्लक्ष झालं तर चुंबक एका झटक्यात तापतं, उरलेला हेलियम वाफ होऊन निघून जातो आणि लाखांचा भुर्दंड बसतो. हे काम तुम्ही अकरा महिन्यांच्या मुलावर टाकता, ज्याला पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हेच माहीत नसतं?

आमच्या कॉलेजात असली यंत्रं नाहीत. माझे विद्यार्थी नमुने घेऊन एसटीने एका मोठ्या विद्यापीठात जातात. तिथला ऑपरेटर फार गुणी मुलगा होता. नमुना नीट बनवला नसेल तर हातात घेऊन समजावून सांगायचा, पुन्हा करायला लावायचा. त्याची ऑर्डर संपली. तीन महिने नवी निघाली नाही. तो कुरकुंभच्या एका कंपनीत गेला आणि बरंच केलं, त्याला घर चालवायचंय. आता दारावर कागद चिकटवलाय, यंत्र बंद आहे. यंत्र बंद नाहीये हो! यंत्र ठणठणीत आहे! गोठा बांधायचा, दुधाळ म्हशी आणायच्या आणि धारा काढायला माणूस ठेवायचा नाही, हा कुठला कारभार?

लिहिता लिहिता काकांचे हात डोळ्यांपुढे येतायत. बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. ते दहावी झालेले होते आणि विभागातल्या प्रत्येक प्रबंधात त्यांच्या हातचं काहीतरी होतं. निवृत्तीआधी त्यांनी दोनदा सांगितलं होतं, एक पोरगा द्या, दोन वर्षांत तयार करतो. कुणी दिला नाही. हे मला अजून सहन होत नाही. ती विद्या पुस्तकात बघून येत नाही, शेजारी उभं राहून शिकावी लागते. आणि शेजारी उभं राहायला जागाच मंजूर नव्हती.

आता कामाचं बोलते. माझ्या मित्रयादीत विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) असलेले निदान तीन-चार जण आहेत, आणि पदवीधर म्हणून मतं मागायला तुम्ही आमच्याकडे आला होतात. अर्थसंकल्पाच्या बैठकीत प्रश्न टाका. विद्यापीठात तंत्रज्ञ, लॅब असिस्टंट, ग्लास ब्लोअर, यंत्र ऑपरेटर यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, मृत संवर्गात किती टाकली, विभागवार. गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या मोठ्या यंत्रांपैकी आज चालू किती, आणि प्रत्येकावर कायम माणूस आहे की नाही. लेखी उत्तर मागा. प्रश्नाचा मसुदा मी करून देते, इनबॉक्समध्ये या. आणि सकाळच्या त्या फोटोतल्या केंद्राबद्दलही विचारा. मी ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.