फुकटचं कापड

ओळखीच्या एका काकूंनी परवा दारातच माझ्या हातात एक फुगलेली पिशवी कोंबली. "तुझ्या चिंध्यांच्या गोधड्यांना उपयोगी पडेल म्हणून आणलं गं. नाहीतर कचऱ्यातच टाकणार होते." दोन्ही वाक्यं एकाच प्रेमळ सुरात म्हटल्यामुळे लगेच रागावताही आलं नाही. राग रात्री आला.

पिशवीतून निघालं ते असं: एक मोजा (एकच), मोडक्या छत्रीचं कापड, गुडघ्यावर विरलेली लेगिंग, मागून रबर लावलेला पडद्याचा तुकडा आणि चकचकीत सॅटिनचे लांबडे काप. त्यांच्या कडा नुसता हात लावला तरी उसवत होत्या.

"काकू, हे छत्रीचं कापड?"

"अगं, पाणी लागत नाही त्याला!"

"पण गोधडी धुवायची असते."

"मग बरंच की. लगेच वाळेल."

"सुई टोचली की त्याला भोक पडतं ते पडतंच. बुजत नाही."

"तेवढीच हवा खेळेल."

मी लेगिंगकडे वळले. समजावून सांगितलं की ताणणारं कापड साध्या सुती तुकड्याशेजारी जोडता येत नाही. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर पायाखाली अडतो आणि ताणला जातो, नि कापलेल्या चौकोनाचा शिवून होईपर्यंत पतंग होतो.

"मग पतंगांचं डिझाइन कर. वेगळं दिसेल."

सॅटिनवर मात्र त्या हटून बसल्या. ते शंभर टक्के सुती आहे, विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलंय. अशा वेळी वाद न घालता धागा जाळावा. कापडातून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे काढायचे, कारण कधीकधी ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असतो. खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी, धागा चिमट्यात. सुती धागा भराभर जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसून पळतं, वितळतं, आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी, म्हणजे ते पॉलिस्टरच्याच ढिगात टाकायचं. यात हौसेचा प्रश्न नाही. सुती शिवणीला लागते तेवढी गरम इस्त्री पॉलिस्टरवर फिरली की ते वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटतं, आणि पुढच्या पांढऱ्या तुकड्यावर त्याचा डाग उठतो.

काकूंच्या धाग्याला मणी आला. त्यांनी ताटलीत वाकून पाहिलं. "मणी कसला छान झालाय गं," म्हणाल्या. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय: "बरं, एवढ्यात माझी मोठी गोधडी होईल ना? कापड तर फुकटच आहे. आणि शिवायचं काय, मशीनच शिवतं."

तर हिशेब करू. 60 बाय 84 इंचांची गोधडी धरा. तयार चौकोन 2 इंचांचा ठेवला तर आडवे 30, उभे 42, एकूण 1260 तुकडे. कापायचा मात्र प्रत्येक तुकडा अडीच इंचांचा, कारण चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, आत जाते. सव्वासहा चौरस इंच कापडातून हाती येतात चार. सगळ्या तुकड्यांची ही गळती 44 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात मोजली तर दीड मीटरच्या वर जाते. ते कापड हरवत नाही. गोधडीच्या पोटात गाठीगाठीनं बसतं आणि हातानं धावदोरा घालताना नेमकं सुईखाली येतं. दीड इंचाचे तुकडे कापले तर निम्म्याहून जास्त कापड शिवणीच खातात. सगळ्यात लहान चिंधी सगळ्यात उधळी असते, हे तिच्याकडे बघून वाटत नाही.

आणि मशीन शिवतं खरं, पण मोजत नाही. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकडे मिळून अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेला तर 42 तुकड्यांच्या ओळीत 41 शिवणी, आणि ओळ अडीच इंचांनी आखूड. शेजारची ओळ शिवताना हात बरोबर पडलेला असतो. मग दोघींची ओढाताण करून जुळवायचं आणि मधला फुगवटा धुतल्यावर बसेल अशी स्वतःची समजूत घालायची. बसत नाही. सुरुवातीलाच अडीच इंचांचे चार तुकडे जोडून, इस्त्री करून मोजा: साडेआठ इंच भरले पाहिजेत. कमी भरले तर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला जाड चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. सुईकडे बघू नका, पट्टीकडे बघा.

"फुकट" म्हणणाऱ्यांना आणखी एक ठाऊक नसतं. पाठीचं कापड, आतलं भरण आणि कडेची पट्टी यातलं काही चिंध्यांतून निघत नाही. पाठ वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी लागते, कारण टाके घालताना वरचा थर पसरत जातो. हे सगळं मी विकत आणते. तेव्हा कुणी पिशवी घेऊन येत नाही.

असो. ज्यांना खरंच तुकडे संपवायचे आहेत त्यांनी ते साठवतानाच कापावेत. कोंबून ठेवलेला ढीग पुढे कधीतरी आवरू म्हणणारा माणूस तो ढीग वारसांना देऊन जातो. इस्त्री करा आणि तिथल्या तिथे ठरवा: 5 इंचांचा चौकोन निघतो का, नाहीतर अडीचचा, नाहीतर पट्टी. विणीचा काठ कापून टाका, तो घट्ट असतो, धुतल्यावर वेगळा आटतो आणि शिवण ओढतो. लाल आणि गडद निळ्यावर तर कधीच विश्वास ठेवू नका. पांढरी ओली चिंधी वर ठेवून गरम इस्त्री दाबा. चिंधी गुलाबी झाली तर तो तुकडा धुतल्याशिवाय आत घ्यायचा नाही. तुकडे धुवायचे ते जाळीच्या पिशवीत, नाहीतर सुटलेल्या धाग्यांची जी गुंतवळ होते ती कात्रीनंच सोडवावी लागते.

मुंढ्याच्या (बाहीच्या खाचेच्या) कापातून उरलेले त्रिकोणी तुकडे दिसायला देखणे आणि स्वभावानं दगाबाज. त्यांची एक कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी कापलेली असते, तिला धरलं तरी ती लांबते. इस्त्री घासली की लाट उठते. उचलून दाबायची, सरकवायची नाही. सगळ्यात बरं म्हणजे त्यांना कागदावर शिवावं. पातळ कोरा कागद साडेसहा इंच चौरस घ्या (छापील नको, शाई फिक्या कापडाला लागते). मधोमध तिरपी पहिली पट्टी सुलट ठेवा, तिच्यावर दुसरी उलट, पाव इंचावर शिवण, दुसरी उलगडून दाबा, आणि कोपरे झाकेपर्यंत पुढे चला. टाका दीड मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे कागद भोकांवरून सरळ फाटतो. मोठा टाका ठेवलात तर कागद ओढताना टाकेच सैल होतात. सुई जुनी वापरा, कागदानं ती बोथटच होणार असते. इथे पट्टी वाकडी, अरुंद, एका टोकाला निमुळती, कशीही चालते. चिंध्यांना हा एकच प्रकार खऱ्या अर्थानं मानवतो, असं माझं मत.

घरातल्या वापरापैकी गरम भांडं धरायचे चौकोन सगळे भेट मागतात. त्यांत वरपासून आतपर्यंत सुतीच हवं. आत पॉलिस्टरचं भरण घातलं तर गरम भांड्याखाली ते वितळून चपटं होतं आणि हात पोळतो. जुन्या टॉवेलचे दोन थर छान चालतात. आणि तो चौकोन ओला असताना भांडं उचलू नये, पाण्यातून उष्णता चटकन हाताशी येते. हे सांगूनही लोक त्यानं आधी ओटा पुसतात आणि मग मलाच म्हणतात, तुझं पातळ झालंय गं.

इंचाहून लहान चुरा आणि काकूंची ती सगळी पिशवी बैठ्या गादीच्या पोटात जाते. मोज्यासकट. आधी सगळं इंच-इंच कापावं लागतं, लांब काप एकमेकांत अडकून गोळे होतात. खोळ जाड कापडाची आणि शिवण दुहेरी, कारण चिंध्यांचं वजन कापसाच्या कितीतरी पट भरतं. इतकं करूनही गादी कडक होते ती होतेच. पाहुण्यांना मी तीच देते. फार वेळ कुणी बसत नाही.