उपेक्षित राहण्याची कला

राजेहो, सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तुम्ही चित्रकार आहात. चित्रं सवडीने काढता येतील. आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेला तुम्हाला ए ग्रेड मिळाली होती आणि ड्रॉइंगचे सर पाठीवर थाप मारून म्हणाले होते, ‘लय पुढे जाशीन बे तू.’ त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सर निवृत्त होऊन वर्ध्याला मुलाकडे राहायला गेले. ड्रॉइंगच्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात. तुमच्याच वर्गातला सी ग्रेडवाला तालुक्याला फ्लेक्स छापतो आणि त्याचं घर दुमजली झालं. तुम्ही तेवढे ए ग्रेड सांभाळून आहात. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घ्या, पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

दुसरं म्हणजे गाव सोडू नका. मुंबईला जाऊन आपटलात तर दोष तुमच्या हाताचा निघेल. गावात बसून आपटलात तर दोष गावाचा. इतकं हक्काचं कारण फुकटात कुठे मिळतं? सकाळी पानठेल्यावर जायचं, खर्रा घोटून घ्यायचा आणि समोरून ट्रॅक्टर, बकऱ्या, शाळेची पोट्टी जाताना पाहत म्हणायचं, ‘इथं कलेची जाण कोणाले हाये?’ पानठेलेवाला मान हलवतो. तो उधारी फिटण्याच्या आशेने हलवत असतो, पण तुम्ही तिला दाद समजा.

या बाबतीत सय्यद हैदर रझा या चित्रकाराने मात्र मोठी पंचाईत करून ठेवली आहे. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, चहूकडे जंगल, वडील जंगल खात्यात. हा माणूस आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकला, तिथून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि १९५० मध्ये पॅरिस गाठलं. जंगलाने त्यांना अडवलं नाही, आणि तुम्हाला दोन एसटी बदलाव्या लागतात म्हणून नागपूर लांब पडतं. हे नाव चारचौघांत निघालंच तर ‘तवाचा काळ येगळा होता’ म्हणा आणि विषय कापसाच्या भावावर न्या. तिथून कोणी परत येत नाही.

त्यापेक्षा वासुदेव गायतोंडे बरे. ते तर नागपुरातच जन्मले, १९२४ साली. वारले २००१ मध्ये, आणि २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९ कोटींच्या वर भाव आला. म्हणजे माणूस गेल्यावर चौदा वर्षांनी. किराणा दुकानात गेल्यावर दुकानदाराला हा हिशेब शांतपणे समजावून सांगा आणि उधारीच्या वहीत तुमच्या नावापुढे तशी नोंद करायला लावा. गायतोंडे मोजकीच चित्रं काढत, हेही तुमच्या फायद्याचं आहे. या बाबतीत तुम्ही त्यांच्याही पुढे निघून गेला आहात.

व्हॅन गॉग तर पाठ हवाच. हयातीत त्याचं एकच चित्र विकलं गेलं असं सांगतात. लाल द्राक्षमळ्याचं ते चित्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ॲना बॉख या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतलं. इथे पुस्तक मिटा. पुढे असं येतं की तो या वाटेला लागला सत्ताविसाव्या वर्षी, वारला सदतिसाव्या वर्षी, आणि मधल्या दहा वर्षांत त्याने आठशेच्या वर तैलचित्रं काढली. हा आकडा पानठेल्यावर फुटला तर कोणीतरी रिकामटेकडा तुमचा हिशेब मांडायला बसेल. त्याचा धाकटा भाऊ तेओ त्याला नेमाने पैसे पाठवायचा, तेवढं पान मात्र खूण घालून ठेवा. तुमचा धाकटा बुटीबोरीला कंपनीत आहे. पोळ्याला घरी आला की जेवताना त्याला ते वाचून दाखवा. तो जेवण आटोपतं घेईल, पण साहित्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो.

(मी हे बाहेर उभा राहून बोलत नाही. मीही एकदा कवितांच्या तीनशे प्रती छापल्या होत्या. सहा खपल्या. बाकीच्या तुरीच्या कोठीवर आहेत आणि उंदीर त्यांना मनापासून प्रतिसाद देतात.)

साहित्य खरेदीला नागपूरलाच जा. तैलरंगाच्या ट्यूबा, डुकराच्या केसांचे ब्रश आणि लिन्सीड ऑइलची एवढीशी बाटली. ती घरी आणून देवळीत ठेवली की आई झाकण काढून वास घेणार. घेऊ द्या.

‘बापू, हे त जवसाचं तेल हाये.’

‘लिन्सीड म्हणतात त्याले, माय.’

‘जवसच हाये. किती दिले?’

आकडा सांगू नका. जवस तिच्या वावरात होता, तिच्या खलबत्त्यात होता, लसूण-तिखट घालून केलेली त्याची चटणी काल तुम्ही दोनदा मागून घेतली होती. तीच वस्तू सीताबर्डीहून बाटलीत बसून आली की कला होते, हे तिला कळणार नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की हे तेल फडक्याला लागलं तर ते कडक होतं, मग धुऊन निघत नाही. शास्त्रही तेच सांगतं: जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. याला दिवस लागतात, जाड थराला महिनेही लागतात. युरोपातल्या तैलचित्रांचा सगळा डोलारा या पापुद्र्यावर उभा आहे. तुम्ही हे वाचलं आहे, पण तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते आठवायचं नाही.

कारण त्या संध्याकाळी शेजारचं पोट्टं लाकडी नंदी घेऊन येतं. नंदी त्याच्या आजोबाच्या वेळचा, रंग उडालेला, एक चाक डुगडुगतं. ‘काका, रंगवून द्या ना, उद्या तान्हा पोळा हाये.’ कमी दर्जाचा कारागीर असता तर पांढरं अंग, तांबडी शिंगं, काळे डोळे काढून अर्ध्या तासात मोकळा झाला असता. तुम्ही पोराला आधी बैल ही संकल्पना समजावून सांगा. मग अख्खा नंदी गर्द निळा करा. डोळे काढू नका. व्यवस्थेने आंधळा केलेला कास्तकार त्यातून आपोआप दिसतो. पोटावर एक चीर द्या. रंग जाड लावा, कंजुसी करू नका.

दुसऱ्या दिवशी पोरगं तो ओला नंदी दोरीने ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघालं. तिसऱ्या घरापर्यंत त्याचे हात निळे, पाचव्या घरापर्यंत चड्डी निळी. सरपंचाच्या दाराच्या चौकटीवर पाच बोटं उमटली, ती अजून आहेत. (गावात तुमचं कायमस्वरूपी प्रदर्शन असलेली तेवढी एकच जागा.) पोराची आई आली नाही, भांडली नाही. तिने रॉकेलच्या चिंधीने नंदी पुसून काढला, चुना लावला, गेरूने शिंगं केली, काजळाने डोळे काढले आणि जुन्या लुगड्याच्या काठाची झूल घातली. चारच्या सुमारास मारुतीच्या पारावर त्या नंदीला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. अशा वेळी काय म्हणायचं? ‘गावाची अभिरुची.’ दोन शब्द पुरे. तिसरा बोललात तर मत्सर वाटेल.

प्रदर्शन एकदा तरी भरवाच. तालुक्याला, सभागृह भाड्याने घेऊन, ऐन पावसाळ्यात. उद्घाटनाला पुढाऱ्याला बोलावू नका असं कोणी सांगेल; ऐकू नका, पुढाऱ्याशिवाय हार घालायला कोणी मिळत नाही. तो चाळीस मिनिटं पीकविम्यावर बोलेल आणि चित्रांकडे पाठ करून फोटो काढेल. नंतरच्या तीन दिवसांत आलेली माणसं नीट मोजा: दोघं मित्र, एक तुमचा मामा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जोराची सर आली तेव्हा एकदम एकोणीस. सर थांबली तसे एकोणीसही गेले. अभिप्रायाच्या वहीत तीन नोंदी सापडतील. पहिली ‘छान’, मामाच्या अक्षरात. दुसरी ‘पंखा बंद आहे’. तिसऱ्याने हॉल लग्नाला मिळतो का असं विचारून खाली नंबर टाकला आहे. बातमीला पाठवताना लिहा: ‘रसिकांची अलोट गर्दी’. एकोणीस माणसं दारात उभी होती, खोटं काय त्यात?

पोटापाण्याची कामं आली तर नाक मुरडायला विसरू नका. शाळेच्या भिंतीवर बाराखडी आणि भारताचा नकाशा, ग्रामपंचायतीचं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’, निवडणुकीतली चिन्हं. ही कामं नाकारून तुम्ही तत्त्व राखलं, ती घेऊन बाजूच्या गावच्या पेंटरने मुलीचं लग्न केलं. ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं, तिथे अर्ज करायचा विचार मात्र आतापासून असू द्या. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो; त्या बाबतीत तुम्हाला काही लपवावं लागणार नाही. कलेत काम केल्याचे पुरावेही मागतात. सरपंचाची चौकट आहे.

आता सहीबद्दल. सहीचा सराव रोज करा, हात बसायला हवा. अजिंठ्यात काय घोटाळा झाला पाहा. पाचव्या शतकात आपल्या वाशीमचे वाकाटक, तेव्हाच्या वत्सगुल्मचे, राज्य करत होते. राजा हरिषेणाचा प्रधान वराहदेव याने सोळाव्या लेण्यात आपला शिलालेख कोरून घेतला, म्हणून आज त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. भिंतींवर ज्यांनी रंग लावले त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. असला गाफीलपणा तुमच्याकडून होणार नाही. तुमची सही चित्राच्या एक चतुर्थांश असते, ती वाढवायला अजून वाव आहे.

शेवटी महाकृती. प्रत्येकाच्या आयुष्यात एक असते, तुमची बारा बाय दहा फुटांची. आईने सोयाबीन विकून आलेल्या पैशातून खत आणायला पाठवलं, तुम्ही जाड कॅनव्हास आणला. नाव दिलं ‘विदर्भाची वेदना, क्रमांक सात’. एक ते सहा अजून काढायच्या आहेत. दोन वर्षं तुम्ही त्यावर काळा रंग चढवत होता, थरावर थर, जवसाच्या तेलाच्या चार बाटल्या संपल्या. मधोमध एक पांढरा ठिपका होता. तो आशेचा की डागाचा, ते तुमचं ठरत नव्हतं.

फेब्रुवारीत अवकाळी आला. रात्री अकराला वारा सुटला, विजा, लाइट गेली. तुम्ही आत बाजेवर पडून निसर्गाचं रौद्र रूप मनात साठवत होता, ते बरोबरच. आई बाहेर होती. अंगणात तुरीचं, हरभऱ्याचं कुटार, वर्षभराचा बैलांचा चारा, आणि ताडपत्री उंदरांनी कुरतडलेली. तिने सांडशीने चौकटीचे खिळे उपटले, ‘वेदना’ सोडवली आणि कुटारावर टाकून चारी बाजूंनी गोटे ठेवले.

सकाळी उठल्यावर आरडाओरड करायला हरकत नाही. कलेची हत्या वगैरे शब्द वापरता येतील. पण आधी दारात जाऊन ऐका, कारण शेजारचा कास्तकार कॅनव्हासचं टोक उचलून आत हात घालून पाहत असतो. त्याचं कुटार रात्री भिजून गेलं आहे.

‘एक थेंब नाही गयला बुवा. कुठून आनली वो काकू ही ताडपत्री?’

‘घरचीच हाये. बापूनं बनवली.’

तो पहिल्यांदाच तुमच्या चित्राकडे नीट पाहतो. जवळून पाहतो, बोटाने घासतो, नखाने खरवडतो, उलट बाजू पाहतो. इतका वेळ तालुक्याच्या सभागृहात एकाही माणसाने दिला नव्हता.

‘मले बी एक बनवून दे म्हना त्याले. पंधरा बाय बारा. पैसे देतो ना, फुकट नाही मांगत. पन काळी नको म्हना, काळी ऊन धरते. पांढरी बरी.’

आई तुमच्याकडे पाहते. व्हॅन गॉगची एक विक्री झाली होती, हे तुम्हाला या क्षणी आठवेल, आठवू द्या. रंगसंगतीबद्दल वाद घालू नका, गिऱ्हाइकाने दिलेलं कारण शास्त्राला धरून आहे. अर्धे पैसे आधी घ्या. जवस या वेळी घरचाच घाण्यावर द्या. आणि सही कुठे करायची ते त्यालाच विचारून घ्या, दोरीच्या कड्या चारही कोपऱ्यांत येतात.